हनुवटीवरचा तीळ

लग्नाच्या मांडवात मी कॅमेरा बाहेर काढला की थोड्याच वेळात कोणीतरी बाई माझ्याजवळ येतेच. कधी नवरीची आई, कधी आत्या. कानाशी लागते आणि म्हणते, "बाई, पोरीले जराशी उजळ काढजा." जणू मी फोटो काढायला नाही, भिंतीला चुना मारायला आलेय. पूर्वी मी हसून मान डोलवायचे. आता मला चीड येते आणि ती तोंडावर दिसते. राजुऱ्यात माझ्याबद्दल म्हणतात, हात चांगला पण तोंड वाईट. खरं आहे ते.

उजेड किती घ्यायचा हे मी एका तिळावरून शिकले. तो तीळ माझ्या ताईच्या हनुवटीवर आहे.

ताई काळी आहे. 'सावळी' हा शब्द लग्न जुळवणाऱ्यांचा, मी तो वापरत नाही. ती बाबांवर गेली, मी आईवर. बाबा कोळशाच्या खाणीत होते, त्यामुळे वस्तीतल्या पोरींना चिडवायला आयतंच सापडलं होतं. ताई चिडायची नाही. तिच्या वाटचं मी भांडून यायचे.

तिचं लग्न ठरवायचं म्हणून आई तिला गावातल्या स्टुडिओत घेऊन गेली. मीही मागे लागून गेले. स्टुडिओवाल्या काकांनी ताईच्या तोंडाला पावडर थापली, दोन मोठे दिवे तिच्या गालाजवळ ओढले, भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवलं आणि छापतानाही फोटो फिकाच छापला. भिंग असं पूर्ण उघडं ठेवलं की चेहऱ्याच्या कडा धुरकट होतात, ते भिंगाचं वैगुण्यच आहे. पण काका त्यालाच 'सॉफ्ट' म्हणायचे आणि त्याचे जास्त पैसे घ्यायचे. फोटो आला तेव्हा आई खूश झाली. मी ताईचा तीळ शोधत बसले. तीळ नव्हता. नाकाची धारही गेली होती. एक पांढरं, गोल, हसरं कोणीतरी ताईची ओढणी घेऊन बसलं होतं.

त्या फोटोवर पाहुणे आले. आमच्याकडे रीतच आहे, मोठीला पाहायला लोक येणार असले की धाकटी उजळ असेल तर तिला आत ठेवायचं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. ताई आलूपोह्यांचा ट्रे घेऊन गेली. मुलाच्या मावशीने हातातल्या फोटोकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"फोटोत तं पोरगी उजळ दिसून राह्यली होती," ती म्हणाली.

आई म्हणाली, "उन्हातून आली ना जी ते आत्ताच."

ताई सकाळपासून घराबाहेर पडली नव्हती. पोहे सगळ्यांनी संपवले, मग निरोप कळवतो म्हणाले. निरोप आला नाही. मला त्या बाईपेक्षा स्टुडिओवाल्याचा राग आला. त्याने ताईला आधी पुसून टाकलं होतं, त्या बाईने फक्त ते बोलून दाखवलं.

पुढे आलापल्लीकडचं स्थळ जमलं. भाऊजी भले माणूस, त्यांनी फोटो मागितलाच नाही, ताईला बाजारात पाहून होकार दिला. लग्न आमच्या विहारात लागलं. ताई पांढऱ्या साडीत, भाऊजी पांढऱ्या झब्ब्यात, मागे नुकती चुना मारलेली भिंत, हातात मोगऱ्याचे हार. फोटोग्राफर शहरातला. त्याचा सारा जन्म लाल शालू आणि पिवळे मांडव टिपण्यात गेलेला. तो कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबून राहिला, तिथेच चुकला. मीटरला माणूस कळत नाही. समोर जे काही आहे ते सगळं मिळून राखाडीच असणार, असं तो धरून चालतो. लाल-हिरव्यात त्याचं निभावतं. आमच्यासारखं सगळंच पांढरं समोर आलं की तो उजेड फार झाला समजतो आणि आखडता हात घेतो. मग साडी होते राखाडी, आणि माणूस होतो कोळसा.

अल्बममधल्या एकाही फोटोत ताईला डोळे नव्हते. तीळ तर नव्हताच. स्वस्तातल्या भिंगाने पदराच्या काठाला जांभळी रेघ ओढली होती, ती मात्र लख्ख दिसत होती. सासरी अल्बम उघडला तेव्हा तिची जाऊ म्हणाली, "अंधारात लगन लागलं का वो तुमचं?" सगळे हसले. ताईही हसली, असं तिनेच मला सांगितलं. मग तिने अल्बम पेटीच्या तळाशी घातला. आगीतून निघून फुफाट्यात. आधीच्या फोटोत ती होती त्याहून गोरी, नंतरच्यात होती त्याहून काळी. जशी आहे तशी ती कुठेच नव्हती.

मी कॅमेरा हातात घेतला तो एवढ्यासाठी. आईला सांगितलं धंदा करते, पण मला ताईचा एक खरा फोटो काढायचा होता. जुना कॅमेरा, जुनं भिंग, आणि खराब फोटोंचे ढीग. हळूहळू कळत गेलं. पांढऱ्या साडीपुढे मीटर सांगेल त्याहून स्टॉप-दीड स्टॉप, म्हणजे दुप्पट-तिप्पट, उजेड द्यायचा. साडीची वीण दिसली पाहिजे आणि तीळही दिसला पाहिजे. त्या दोहोंच्या मधे फार थोडी जागा असते, ती शोधायची. भिंगाचं तोंड दोन घरं मिटलं की धुरकटपणा जातो आणि ती जांभळी रेघही पुष्कळ मरते. रुंद भिंग कडेच्या माणसाला कणकेसारखं ताणतं. आमच्या घोळक्याच्या फोटोत कडेला कोण उभं असतं हे वेगळं सांगायला नको. मधे मानाचे, काठावर गरिबाघरचे. म्हणून मी मागे सरकते आणि काठच्यांना आत घेते. मानाच्यांना ते रुचत नाही.

ताईचा फोटो मी तिच्या अंगणात काढला, मोहाच्या सावलीत, पांढऱ्या साडीत. पावडर लावू दिली नाही. मोठा करून नेला तेव्हा तिने तो बराच वेळ मांडीवर ठेवला. मग हनुवटीवर बोट टेकवून म्हणाली, "पाह्य ना, तीळ आला." तो फोटो भाऊजींनी बैठकीत लावला. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं काम केलेलं नाही, आणि हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही.

आता ताईची मुलगी लग्नाची झाली आहे. नर्स आहे, स्वतःच्या पायावर उभी. रंग आईचा, हनुवटीवर तीळही आईचाच. तिचे फोटो अर्थात मीच काढले, आणि जशी आहे तशीच काढली. ते फोटो ताईने मोबाईलवरून बऱ्याच ठिकाणी पाठवले. उत्तर कोणाकडून आलं नाही. मग एक दिवस ताईने मला बोलावलं, पाहुणे येणार आहेत म्हणाली. मी खनिजाच्या ट्रकांमागे लाल धूळ खात तिच्या घरी पोहोचले.

बैठकीत शिरले तर भिंतीवर नुसता खिळा होता.

"फोटो कुठी गेला?"

"काढून ठेवला," ताई म्हणाली. "आईवरून पोरीचा रंग पायतेत लोक."

मग तिने मोबाईलवर दाखवलं, पाहुण्यांना कोणता फोटो पाठवला ते. राजुऱ्याच्या त्याच स्टुडिओतला. आता काकांचा मुलगा तिथे कंप्युटरवर बसतो. भाचीचं तोंड दुधासारखं झालं होतं. मी तीळ शोधला. नव्हता.

"ताई, तुले माहीत आहे ना पुढे काय होते ते?"

"माहीत आहे. पण तुह्या फोटोवर कोणी उंबऱ्यापर्यंतही आलं नाई. या फोटोवर घरी तरी येऊन राह्यले."

मी भांडायला तोंड उघडलं. भाची म्हणाली, "राहू दे ना मावशी." तिचा आवाज इतका थकलेला होता की मी खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या शिकण्याचं काय झालं, तर पालथ्या घड्यावर पाणी.

गाडी वाजली तशी ताईने माझी बॅग कोपऱ्यात सरकवली आणि स्वतःचा पदर नीट करावा तसा माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. "तू बैठकीत बस," ती म्हणाली. "तू उजळ आहेस. तुले पायलं की त्याईले बरं वाटन."

पाहुणे बसले. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमी मावशी का? हो, पोरगी तुमच्यावर गेली असन." तेवढ्यात भाची पोह्यांचा ट्रे घेऊन आली. बाईने तिच्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दाराआड ताई उभी होती.