दोरा हलला म्हणजे झालं

धंद्यात भावोजींना सगळे हवावाले म्हणत. नाव थट्टेतून पडलं आणि मग तेच राहिलं. कारखाने, गोदामं, मोठी दुकानं, सगळ्यांच्या छताखालून पत्र्याच्या मोठाल्या नळ्या जातात. त्यांतून पंखे ताजी हवा आत ढकलतात आणि आतली घाण हवा ओढून बाहेर टाकतात. लोक म्हणतात, एवढं काय त्यात, हवाच तर आहे. भावोजींचं काम शेवटचं. सगळं बसवून झालं की नळीच्या प्रत्येक तोंडाशी किती हवा येते-जाते ते मोजायचं आणि अहवालावर सही करायची. मी पत्रा कापणारा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तेवीस वर्षं त्यांच्याबरोबर शिड्या चढलोय, म्हणून हे मी सांगू शकतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

माणूस गुणी, यात वाद नाही. नव्या जागेत शिरले की आधी मान वर करून उभे राहत आणि कुठली नळी तुंबली आहे ते बोटाने दाखवत. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघे. दहाव्या वेळी नळीचीच चूक असे. घरीसुद्धा स्वयंपाकघराची खिडकी किती बोटं उघडी ठेवायची यावर त्यांचा कायदा होता. ताई म्हणायची, “यांच्याशी लग्न केलं आणि माझं श्वास घेणंही यांच्याच खात्यात गेलं.”

हवेचा वेग मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण ते बहुतेक वेळा पेटीतच. खरा भरवसा रेशमी दोऱ्यावर. बोटभर दोरा जाळीपुढे धरायचा. तो आत ओढला गेला की हवा जातेय. “यंत्र बिघडतं,” ते म्हणत, “दोरा काय बिघडणार?” यंत्राने प्रत्येक तोंड मोजायला दिवस मोडतो, दोऱ्याने तासाभरात उरकतं. मग अहवालात आकडे नकाशावर आधीच ठरवलेले टाकायचे. धंद्यात बरेच जण तसंच करतात. मी कधी हूं की चूं केलं नाही.

ताई बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या दालनात होती. अठरा टेबलं, अठरा बायका, आणि सोल्यूशनचा तो गोड, डोक्यात चढणारा वास. तिथे नवीन यंत्रणा बसली, प्रत्येक टेबलावर वाफ ओढून घेणारं पत्र्याचं तोंड आलं, ते काम आमचंच. दुपारी दालन सुरू करायचं होतं. भावोजींनी सकाळी अठराही टेबलांवर दोरा धरला. ताईच्या टेबलावर तर दोनदा, कौतुकाने. सगळीकडे हलला. सही झाली.

दोन महिन्यांनी ताईचं डोकं दुखायला लागलं. मग हातापायांची बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली. कप हातातून सुटायचे.

“तिथली हवा बरी नाही हो,” ती म्हणाली.

“ती हवा मी तपासली आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा.”

“चष्म्याने पायाची बोटं बधिर होतात?”

भावोजींना हा प्रश्न आवडला नाही. पुढे एक दिवस तिच्या हातून दुधाचं पातेलं पडलं, आणि ते ओरडले, “पुरे झाली ही नाटकं!” मी तिथेच जेवत होतो. भाऊ म्हणून तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी मान खाली घालून जेवत राहिलो, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

ताईच्या रजा वाढल्या, आणखी दोघींच्याही. सातव्या महिन्यात कारखान्याचं पत्र आलं. दालनातली हवा योग्य असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल आहे, सबब आजाराचा कामाशी संबंध नाही, आणि सततच्या गैरहजेरीमुळे तिघींना कामावरून कमी केलं आहे. सोबत त्या अहवालाची प्रत होती. भावोजींनी आपलीच सही पाहिली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, “नियमाने बरोबरच आहे त्यांचं.”  त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

त्यानंतर पंधरवड्यात त्याच कारखान्यातून बोलावणं आलं. गच्चीवरचा मोठा पंखा किरकिरत होता, पट्टा झिजला होता. आम्ही दोघं गेलो. पट्टा बदलून झाला की जाळी बसवण्याआधी पंखा क्षणभर चालू करून बघायची रीत आहे. मी बटण दाबलं. पंख्याच्या डबीवर, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या कवचावर, लाल बाण रंगवलेला असतो, कुठल्या बाजूने फिरायचं ते दाखवणारा. बाण उजवीकडे होता. आतलं चाक डावीकडे फिरत होतं.

घरातला छताचा पंखा उलटा फिरला तर वारा खाली येत नाही, लगेच कळतं. या डबीतल्या पंख्याची खोड वेगळी. विजेच्या तीन तारांपैकी दोघींची अदलाबदल झाली की तो उलटा फिरतो, तरीही हवा त्याच बाजूला ओढत राहतो. फक्त नेहमीच्या निम्मीसुद्धा नाही. आवाज तोच, थरथर तीच, आणि दोरासुद्धा हलतो.

तारा पहिल्या दिवसापासून कुणीही सोडलेल्या नव्हत्या. जोडावरचं सील जसंच्या तसं होतं. भावोजी गच्चीवर चक्क खाली बसले. तोंड इतकं पांढरं पडलं की मला वाटलं, यांनाच आता दवाखान्यात न्यावं लागतंय.

“तारा बदलून टाकू,” मी म्हणालो. “वीस मिनिटांचं काम. कुणाला कळणार आहे?” हे मीच म्हणालो. ताईचा सख्खा भाऊ.

त्यांनी तारा बदलल्या. आम्ही खाली उतरलो, तर टेबलांवरचे कागदी नमुने वरच्या तोंडाकडे उडत होते आणि बायका हसत हसत ते पकडत होत्या. त्यातली एक म्हणाली, “आज काय जादू केलीत हो हवावाले? वासच गेला!” भावोजींना तिच्याकडे बघवेना.

व्यवस्थापक हुशार होता. केबिनमध्ये भावोजींकडून सगळं ऐकून घेतल्यावर त्याने दार लोटलं. “असं लिहा,” तो म्हणाला, “की मागच्या आठवड्यात वीज गेली होती, तेव्हाच्या दुरुस्तीत तारा उलटल्या. तुमचं नाव राहील, आमचंही राहील.” म्हणजे आधीचे सात महिने हवा चांगलीच होती. म्हणजे तिघींची बोटं आपोआप बधिर झाली. सगळं त्या एका तारखेवर अडलं होतं.

भावोजी म्हणाले, “उद्या देतो लिहून.” वाटेत मी विचारलं, काय लिहिणार? ते झपाझप पुढे चालत राहिले, आणि खरं सांगतो, ते काय करतील याचा मला भरवसा नव्हता. तेवीस वर्षांची सही होती. ती गेली की या धंद्यात माणसाला शिडी धरायलाही कुणी बोलावत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन ओळी लिहिल्या. पंखा बसवल्या दिवसापासून उलटा होता. मी यंत्राने मोजणी केली नव्हती, आकडे नकाशावरून घेतले होते. दालनातल्या सर्व कामगारांची तपासणी व्हावी. एक प्रत कारखान्याला दिली, एक कामगारांच्या आरोग्याच्या सरकारी कचेरीत. पुढे अठराही जणींची तपासणी झाली. सात जणींच्या नसांना इजा निघाली. तिघींना कामावर परत घेतलं, पण ताईला डॉक्टरने ते काम करूच दिलं नाही. बोटं कधी सुधारतील विचारलं, तर तो म्हणाला, वर्ष लागेल, दोन लागतील, काहींची पुरती सुधारत नाहीत. भावोजींचा फोन वाजायचा बंद झाला.

अहवाल दिला त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. त्यांनी तिसरी प्रत ताईपुढे ठेवली. तिने सावकाश वाचली. मला वाटलं, रडेल, किंवा निदान म्हणेल की बरं केलंत.

“कारखान्याला सांगितलंत,” ती म्हणाली. “कचेरीला सांगितलंत. मला कुठे सांगितलंत?”

 भावोजी टेबलाकडे बघत पुटपुटले, “तुझं खरं होतं.”

“मोठ्याने म्हणा. मला नाटकी म्हणालात तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं.”

ते उभे राहिले. मग ओरडूनच म्हणाले, “तुझं खरं होतं! चूक माझी होती!” खालच्या घरातलं बोलणं थांबलं.

ताईने मान हलवली. तिने स्वेटरची बाही त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, “आता हे बटण लावा. माझ्या बोटांनी लागत नाही.”