तीन बोटं माया

आमच्या गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, ही शाळेत शिकवत असणार. एक आई तर मुलाची शिकवणी ठरवायला गेली आणि त्याच्या पँटचं माप देऊन परत आली. मास्तरीणबाई टेलरमास्तर आहे. तीस वर्षं कोट, पँटी, गणवेश शिवते आहे. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की टेप काढायच्या आधीच हिला त्याची कंबर कळलेली असते.

वजन उतरावं म्हणून तिच्या पोटाला पट्टा बसवला, त्याला सात वर्षं झाली. जठराच्या वरच्या टोकाला एक मऊ पट्टा आवळायचा, म्हणजे घास हळू उतरतो आणि थोडक्यात पोट भरतं, असं ते ऑपरेशन. "वहिनी, मला नाडी घातलीय," असं ती मला हसत सांगायची. पहिल्या दोन वर्षांत बत्तीस किलो उतरली. पुढे कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले. कापायच्या टेबलाशी तासभर उभं राहवेना. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं. शेवटी मुलीनं धरून दवाखान्यात नेलं. सोबत मी, कारण मायलेकी दोघीच निघाल्या की वाटेतच भांडतात.

काट्यावर उभी राहिली आणि मुलीचे डोळेच विस्फारले. उतरलेले बत्तीस किलो परत आले होते, वर आणखी चार.

"काटा बिघडलाय," मास्तरीणबाई म्हणाली.

नर्स स्वतः काट्यावर चढली. "माझं तर बरोबर दाखवतोय हो. बिघडला असता तर मलाच आनंद झाला असता."

डॉक्टरबाई तरुण होत्या. पट्टा जागेवरून सरकलाय, काढावा लागेल, असं त्यांनी फोटो दाखवून सांगितलं. मग सहज विचारलं, "पण कपडे घट्ट होत गेले असतील ना? लक्षात नाही आलं?"

"एकही नाही. हाच ड्रेस बघा, चार वर्षांचा आहे. कसा बसलाय!"

"शिवला कुणी?"

"मीच की."

डॉक्टरबाईंनी मान हलवून पुढचं लिहायला घेतलं. माझं लक्ष मात्र तिच्या काखेखालच्या शिलाईवर गेलं. तिथे मूळ रंगाची एक गडद पट्टी दिसत होती आणि तिच्यावर उसवलेल्या टाक्यांच्या बारीक भोकांच्या तीन रांगा.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मास्तरीणबाई, यात माया किती ठेवली होतीत?" शिलाईच्या आत जादा राखून ठेवतात त्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. एरवी एक बोट पुरते.

"तीन बोटं."

"आणि आता उरली किती?"

तिनं शिलाई उलटी करून पाहिली. टीप अगदी काठावर आली होती. ती तिथल्या बाकावर बसलीच. "हात आपोआप जातो हो. जरा काचलं की उसवायचं, एक टीप बाहेर घ्यायची. गिऱ्हाईक असेल तर मी तोंडावर सांगते, बाई गं, अंग सुटलंय. मला कोण सांगणार?"

पुढचे दोन मार्ग डॉक्टरबाईंनी समजावून दिले होते आणि विचाराला आठवडा दिला होता. एकात जठराचा मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेला बाहीसारखा निमुळता शिवायचा. दुसऱ्यात वर एक छोटा कप्पा करायचा आणि आतडं थेट त्याला जोडायचं. बाही म्हटल्यावर आमची बाई हरखली. बाह्या तिनं हजारोंनी लावल्या होत्या. खाकी कागदावर खडूनं जठर काढून आम्ही दोघी आठवडाभर त्यावर वाकलो. टाके कसले असतील? पाणी झिरपत नसेल का? कापलेला तुकडा ठेवतात की टाकतात?

"तुला कशाला हवाय तो?" मुलगी म्हणाली. "उशीचा अभ्रा शिवणार आहेस?"

आठवड्यानं पुन्हा गेलो. "बाहीच करा," मास्तरीणबाईनं सांगून टाकलं.

"आधी रोजचं खाणं सांगा. खरंखुरं."

"काय खाणार? घासभर भात, उकडलेली भाजी."

मी फरशीकडे बघत बसले. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली असतं, ते कशासाठी, हे मला ठाऊक होतं. भाकरीचा घास पट्ट्याशी अडायचा, आइस्क्रीम अडत नसे. सांगावं तर चहाडी, न सांगावं तर हिच्या पोटाशी खेळ.

"ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमच्या सांगण्यावरच मी कापणार आहे. एकदा बाही केली की जुनं जठर परत देता येत नाही."

माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाईकांना मास्तरीणबाई काय काय सुनावते, ते मी ऐकलंय. आता तिनंच मोठा श्वास सोडला.

"थांबा. माप चुकीचं दिलं मी. रोज दोन डबे आइस्क्रीम असतं. कधी तीन. डबे मी चिंध्यांच्या पिशवीतून टाकते."

"आई!" मुलीचा आवाज चिरकला. "आणि मी त्या पिशवीला मुंग्या लागतात म्हणून पावडर मारत होते!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "बरं झालं बोललात. तुमचं घशाशी येणं बाहीनं वाढू शकतं, आणि पातळ गोड तिच्यातूनही सहज उतरेल. तुमच्यासाठी दुसरं बरं. त्यावर एवढं गोड खाल्लंत तर घाम फुटेल, गरगरेल. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर. आणि खात्री मी याचीही देत नाही."

आधी पट्टा निघाला, तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन झालं. त्यालाही आता आठ महिने झाले. परवा ती मला घेऊन समोरच्या टेलरकडे गेली. वीस वर्षांचं त्यांचं हाडवैर. तो कात्री हातात धरून बघतच राहिला.

"मला एक ड्रेस शिवून दे."

"मी? तुम्हाला? मास्तरीणबाई, चेष्टा करता का गरिबाची?"

"तुझं काम कसं असतं ते माहीत आहे मला. तरी शिव. आणि माप मोठ्यानं म्हण."

तो एकेक आकडा म्हणत गेला. ती लहान मुलीसारखी कान देऊन ऐकत होती. कमरेचा आकडा त्याला दोनदा म्हणायला लावला.

"आतून जास्त कापड सोडू नकोस," ती म्हणाली.

"मग पुढे घट्ट झाला तर?"

"तर मला कळेल," ती म्हणाली, आणि टेप असा वाकडा धरतात का, म्हणून त्याला लगेच झापलंही.