सर्वांत वरचा चौकोन

थ्रीडी प्रिंटरच्या दुनियेत कोण कुणाचं काय लागतं, हे सांगू शकणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमचा जावई आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगणघाटला तंत्रनिकेतनात शिकवतात आणि उरलेला जन्म एका लांबलचक तक्त्याला वाहतात. यंत्र, प्लास्टिकची तार, तापमान, थर, तयार वस्तू. प्रत्येकाला एक चौकोन, एक ठरलेलं नाव आणि दुसऱ्या चौकोनाकडे जाणारा बाण. जर्मनीतल्या आणि शेजारच्या जाम गावातल्या माणसाला एकच कळलं पाहिजे, हा हट्ट! ताईनं एकदा भाजी कशी झाली विचारलं, तर म्हणाले, भाजी म्हणजे कच्चा माल की तयार वस्तू, ते आधी ठरव. ताईनं त्या दिवशी कच्चा मालच वाढला.

आम्ही खूप हसायचो. मग बाबांना लकवा झाला, उजवी मूठ वळेना. दुसऱ्याच्या हातून घास घ्यायचा नाही हा बाणा, म्हणून ते जेवणच टाळू लागले. जामच्या चौकात थ्रीडी प्रिंटरवर गाड्यांच्या नावपट्ट्या छापणाऱ्या एकानं चमचा अडकवायची पकड छापून दिली. ती तुटली, दुसरी तुटली, तिसरी तर वरणभातातच. बाबांनी ताट सरकवलं ते सरकवलंच.

भाऊजी तक्ता घेऊन जामला गेले, मीही सोबत. तार कोणती, किती तापवली, थर केवढा, तासभर उलटतपासणी. त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. छापताना पकड आडवी ठेवली की उभी, एवढंच कुठं नव्हतं. उभीच ठेवतो, जागा कमी लागते, असं तो म्हणाला. भाऊजींनी शांतपणे एका बाणावर बोट ठेवलं. ताकद ठेवणीवर अवलंबून असते. उभ्या पकडीचे थर नेमके वाकायच्या जागी घडीच्या पोळीच्या पदरांसारखे सुटत होते. आडवी छापली, ती टिकली. मी तर थक्कच झालो. इतकी वर्षं ज्या बाणांना हसलो, त्यातल्याच एकानं बाबांचं जेवण परत आणलं होतं.

बाबा आपल्या हातानं वरणभात जेवले. अर्धा सांडला, पण कुणी मधे पडलं नाही. मग तक्त्याकडे बघत म्हणाले, "जवाईबापू, यात मी कुठी हाव?"

भाऊजींनी तक्त्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. यंत्र होतं, तार होती, वापरणारा माणूसच नव्हता. त्यांनी सर्वांत वर एक चौकोन काढला आणि म्हणाले, "मामाजी, सारं तुमच्यापासूनच सुरू होते."

बाबा पोळ्याच्या आधी गेले. त्या चौकोनाचं आता काय, असं मी एकदा भीतभीत विचारलं.

"काऊन? तो काढला तं खालचं सारं कोनासाठी करून राह्यलो मी?" एवढं बोलून भाऊजी बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसले.