पाच हजार चाळीस धागे

सुनेने सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. लग्न ठरायच्या आधी ती या घरी आली होती. सासूबाई मागाशी बसल्या होत्या, खिडकीतलं ऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांवर सांडलं होतं आणि त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. सुनेला वाटलं, देवाचं नाव असेल. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "सात आठे छप्पन्न. त्याला नऊने, पाचशे चार. त्याला दहाने, पाच हजार चाळीस." मग मागे वळून म्हणाल्या, "ये गं, बस. एकापासून सातापर्यंत गुणत गेलीस तरी हेच येतं. रस्ते दोन, घर एकच."

त्यांच्या ताण्याला कायम तेवढेच धागे असत. एकापासून दहापर्यंत कितीही धाग्यांची नक्षी घ्या, ती त्या रुंदीत पुरेपूर बसायची. बाराचीही बसायची. "फार मनमिळाऊ आकडा आहे," त्या म्हणत. "दारात कोणी येवो, आत घेतो." लहानपणी त्या मामांकडे वाढल्या. सगळ्यांची ताटं वाढून झाली की भांड्यात राहील ते त्यांचं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, पण मागावर काही उरलेलं त्यांना खपत नसे.

डोळे अधू झाले तेव्हा मुलाने मागाला गिऱ्हाईक शोधलं.  सून दुपारभर मागाजवळून हलेना. सासूबाईंनी ओळखलं. "या ताण्यावर एक कापड तुझं विण," त्या म्हणाल्या. "जमलं तर माग तुझा. नाही तर जाऊ दे त्याला."

सुनेने पान काढलं. मधे देठाचा एक धागा, दोन्ही बाजूंना पाच-पाच.

"अकरा?" सासूबाई हसल्या. "नेमका रुसूबाईला बोलावलंस. दोन धागे उरतात त्याला. देठ काढून टाक."

"देठाशिवाय पान कसलं, आई? ठिपके होतील ते."

"मग ठिपके विण. सुटशील तरी."

सुनेने भलतंच केलं. सासूबाईंचा डोळा लागल्यावर एका कडेचे दोन धागे सोडवून बाजूला टाकले. अकरा चपखल बसला. खुशीत तिने वीतभर विणलंही. सासूबाई उठल्या, कडेवरून बोटं फिरवली आणि थबकल्या.

"दोघांना कुठे पाठवलंस?"

सुनेने त्यांचा हात धरून सोडवलेल्या धाग्यांवर ठेवला.

"एकाची सोय केलीस आणि बाकीच्यांना बाहेर काढलंस. आता पुढच्या कापडाला तीन घे, चार घे, दहापर्यंत जा. दोनाशिवाय कोणी बसतंय का बघ."

सुनेने मनात भागून पाहिलं. कोणी बसेना. ती तशीच मागाशी बसून राहिली. ऊन धाग्यांतून पाण्यासारखं सरकत होतं आणि पानं त्यात हलल्यासारखी वाटत होती. एक कड घट्ट होती, दुसरी सैल. तिथून पानं वाहून जातील की काय असं तिला वाटलं.

तिने विणलेलं उसवलं. दोन्ही धागे जागेवर आणले आणि नक्षी पहिला धागा सोडून सुरू केली. मधे चारशे अठ्ठावन्न पानं आली. एक धागा या टोकाला मोकळा राहिला, एक त्या टोकाला.

सासूबाईंनी दोन्ही कडा बराच वेळ चाचपल्या.

"उरलेत कुठे हे?" त्या म्हणाल्या. "राखणीला बसलेत."

गिऱ्हाईक आलं, त्याला चहा मिळाला आणि माग विकायचा नसल्याचं कळलं. "मला आधी सांगायचंस तरी," मुलगा कुरकुरला. "तू गिऱ्हाईक आणताना मला सांगितलंस का?" सासूबाई म्हणाल्या.

आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सकाळी त्या खिडकीशी बसून सुनेसाठी कांड्यांवर सूत भरतात आणि दुपारी जेवण झालं की निर्धास्त झोपतात.