फळ्यावरची अंजना

रिसोडच्या चौकातला काळा फळा देवमन लिहीत असे. तो वाचनालयात शिपाई होता. दुपारच्या एसटीने नागपूरच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला की कालचे पुसायचे आणि खडूने आजचे ठळक तेवढे उतरवायचे, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. गावातली बातमी मात्र स्वतः पाहिलेलीच लिहायची. त्यामुळे ‘फळ्यावर आलं’ म्हणजे खरेच, असे लोक धरून चालत.

पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात हा नेम एकदाच चुकला. कॉलेजच्या मैदानावर मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना होता, मंगरूळपीरच्या संघाशी. अर्धा सामना झाला आणि देवमनला गठ्ठा घ्यायला स्टँडवर जावे लागले. परतेपर्यंत मैदान रिकामे झाले होते. रिसोड एका गुणाने हरले होते, सत्तावीस-अठ्ठावीस.

पानठेल्यावर इंद्रभान हातवारे करून सांगत होता, “अंजनानं घालोला सामना! दोन फ्री थ्रो, दोन्ही वाया. टांगा पाहा तिच्या, नुसत्या बांबूवानी!”

लोक हसले. टांगांचे देवमनने सोडून दिले, बाकीचे लिहिले : ‘अंजनाने दोन फ्री थ्रो हुकवून सामना घालवला.’

अंजनाचे वडील शेषराव रिठदहून रोज एसटीने रिसोडच्या शाळेत शिकवायला येत. संध्याकाळी स्टँडकडे जाताना त्यांनी फळा वाचला. अंजनाला विद्यापीठाच्या निवड शिबिराला पाठवण्याच्या संमतीचा कागद त्यांच्या खिशात होता. सही दुसऱ्या दिवशी करून द्यायची होती. कागद तसाच घडी घालून ते घरी गेले.

सकाळी अंजना वाचनालयात आली. हातात खेळाच्या सरांकडून मागून आणलेला गुणपत्रकाचा कागद होता.

“काका, मॅच पुरी पाह्यली का तुमी?”

“अर्धी.”

“मंग अर्धीचंच लिहाचं होतं. बाबा म्हणतात, जिचं नाव चौकात असं लागते तिनं शिबिराले कायले जाचं?”

देवमनने कागद पुढे ओढला. बारा वर्षांत त्याने कुठली बातमी इतक्या सावकाश वाचली नसेल. अंजनाचे गुण सोळा. फ्री थ्रो आठ, पडले सहा. हुकलेले दोन्ही उत्तरार्धाच्या चौथ्या मिनिटातले, संघ पाच गुणांनी पुढे असतानाचे. त्यानंतरही तिने तीन गोल केले होते. सामना कोणी घालवला हे त्या कागदावर कुठेच नव्हते. एका गुणाची हार सत्तावीस ठिकाणी शोधता आली असती.

तो खाली मान घालून उठला. “चाल, आताच पुसतो. लिहितो, अंजनासारखी खेळाडू वऱ्हाडात नाही.”

“पुसू नका!” ती एकदम म्हणाली. “काल ज्यानं वाचलं त्याले आजही वाचू द्या. अन् कौतुक कायले? फ्री थ्रो हुकले ते खरंच आहे. अजून एक आहे, मले डाव्या हातानं चेंडू नेता येत नाही. मंगरूळच्या पोरींनी तेच ओळखलं.”

“हे बी लिहू?”

“लिहा. पण पानठेल्यावरचं टांगांचं नका लिहू.”

“ते इंद्रभानचं होतं, माय. म्या सोडलं होतं.”

“अर्धंच सोडलं, काका.”

त्या दुपारी गठ्ठा आला, तरी फळा पुसला गेला नाही. कालच्या ओळीखाली देवमनने लिहिले : ‘वरील बातमी सामना पुरा न पाहता लिहिली. चूक लिहिणाऱ्याची. सत्तावीसपैकी सोळा गुण अंजनाचे. फ्री थ्रो आठपैकी सहा. डावा हात कच्चा.’

इंद्रभान वाचून म्हणाला, “आता यात मजा काय राह्यली, देवमन?”

“मजा पाहाची तर मैदानावर बस. शेवटपर्यंत.”

संध्याकाळी शेषराव आले. अंजना त्यांच्या मागे उभी होती. त्यांनी दोन्ही बातम्या वाचल्या, मग खालची पुन्हा वाचली, मुलांच्या वह्या तपासताना वाचत तशी.

“डावा हात कच्चा आहे, हे खरं?”

“हो, बाबा.”

“शिबिरात शिकवतात ते?”

“त्याच्याचसाठी तर जाचं आहे.”

शेषरावांनी खिशातला कागद काढून फळ्याच्या चौकटीवर टेकवला आणि देवमनपुढे हात केला. “पेन द्या.”

देवमनच्या हाताला खडू लागला होता. त्याने हात धोतराला पुसला आणि पेन काढून दिले.