सासूबाईंच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

सासूबाईंच्या हनुवटीवरचे तीन ठिपके मी पुसून टाकले, आणि वर दोन दिवस त्याचा अभिमानही बाळगला.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी लॅपटॉपचं सांगावं लागेल. मी भंडाऱ्यात घरांचे नकाशे काढून देतो. मागच्या दिवाळीनंतर जुना संगणक मोडीत काढला आणि मोठमोठे इंजिनिअर वापरतात तसला दणकट लॅपटॉप घेतला. त्या जातीला 'मोबाइल वर्कस्टेशन' म्हणतात. यातला मोबाइल हा शब्द ज्याने घातला त्याने तो पाठीवर घेऊन आमचा जिना चढून दाखवावा. घरी आणला त्या दिवशी बायकोने लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलून पाहिला, मग विटेएवढा चार्जर पाहिला आणि म्हणाली, "हा तं पाटा आहे. आन् हा वरवंटा." तेव्हापासून घरात त्याचं तेच नाव पडलं. "पाटा उचला आता, जेवाचं आहे."

त्याचा पडदा मात्र काय सांगू! दुकानात त्यावर धानाच्या लोंबीचं चित्र लावलं होतं, तर मी दाणे मोजायला वाकलो होतो. घरी येऊन माझं जुनं नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि कळलं की इतकं बारीक दाखवणाऱ्या पडद्यावर बटणंही तितकीच बारीक दिसतात. तिळाएवढी. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली, बाकी सगळ्यांनी ऐकलं, माझ्या जुन्या सॉफ्टवेअरने ऐकलं नाही. नागपूरला शिकणारी मुलगी सुटीत आली, मला नाक पडद्याला टेकवून बसलेलं पाहून म्हणाली, "बाबा, स्क्रीन वास घ्यायसाठी नाही घेतली ना?" पडदा पंचविशीच्या डोळ्यांसाठी केलेला आणि मालक पन्नाशी ओलांडलेला, त्याला कोण काय करणार?

एका कामात मात्र त्याने मला खरं सुख दिलं. लोक जुने नकाशे घेऊन येतात, घडीवर फाटलेले, बुरशी लागलेले. ते स्कॅन करायचे, पडद्यावर हव्या तितक्या पटीने मोठे करायचे आणि एकेक डाग पुसत जायचं. जी रेघ नाही ती घाण, हा आमच्या धंद्याचा नियम. दर दोन मिनिटांनी सेव्ह करायचं, हा दुसरा. लाइट जाण्याच्या भीतीने लागलेली ती सवय बॅटरीवाला लॅपटॉप आल्यावरही बोटांतून गेली नाही.

सासूबाई मागच्या पोळ्याच्या सुमारास गेल्या. बायकोचं माहेर कोंढ्याचं. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरायची, त्यांना जेवू घालायचं, तेव्हा पूजेत आईचा फोटो पाहिजे. पण कामाचा फोटो होता एकच. धानाच्या पोत्यांजवळ उभ्या असलेल्या सासूबाई, ऐन तिशीतल्या. दुसरा मतदार कार्डावरचा. त्यात त्या आहेत हे नाव वाचल्यावर कळतं. पहिल्या फोटोत कधीतरी पाणी शिरून तो काचेला चिकटला होता आणि त्यावर डाग चढले होते. साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, फ्रेम घेऊन भंडाऱ्याला आला. मी काचेसकट स्कॅन केला.

"आला का भाऊजी आतमंदी?" त्याने विचारलं.

"आला. पदराचे धागे मोजून घे."

"मंग हे फ्रेम रिकामी करतो. सागाची आहे, हिच्यातच नवा फोटो बसवू."

"कर," मी म्हटलं. एवढ्या मोठ्या मशीनचा मालक आणखी काय म्हणणार?

दोन संध्याकाळी मी बसलो. कपाळावरची बुरशी काढली, गालावरचा ओघळ काढला, कानाजवळची चीर सांधली. हनुवटीवर तीन हिरवट-काळे ठिपके होते, बुरशीच्याच रंगाचे. तेही काढले. सफाईने काढले, शेजारच्या कातडीचा रंग घेऊन.

इथे वाचणारा म्हणेल, सख्ख्या सासूचा चेहरा तुला माहीत नव्हता? खरं सांगतो, नव्हता. सव्वीस वर्षं मी त्या घरचा जावई, पण जावई अंगणात आला की सासूबाईंचा पदर पुढे यायचा आणि त्याचा काठ दातांत जायचा. बोलणं दाराआडून. "जेवले का जी?" एवढं ऐकू यायचं. त्यांची हनुवटी मी आयुष्यात पाहिली नव्हती. फोटो त्यांच्या भावाने काढलेला, म्हणून त्यात चेहरा उघडा.

तिसऱ्या दिवशी बायकोला हाक मारली. हात पुसत आली, पडद्यासमोर उभी राहिली. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"हे कोण आहे जी?"

"असं काय करतेस? तुझी आई."

ती आणखी वाकली. "माह्या मायचं गोंदण कुठी गेलं?"

कुठं जाणार? केलेलं उलटवायला मी 'अनडू' दाबून पाहिलं. सकाळी मशीन बंद करून उघडलेलं, मागे जायला वाटच उरली नव्हती. मूळ फाईलवरच दर दोन मिनिटांनी सेव्ह केलं होतं. वेगळी प्रत ठेवली नव्हती. साळ्याला फोन लावला. तो खुशीत होता. "काच चकाचक करून टाकली भाऊजी! कोमट पाण्यात भिजवून खरवडली, एक कण नाही राहिला."

बायको परत कामाला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडणाची सवय आहे. त्या रात्री तिने ताट वाढलं, पाटा उचला असंही म्हटलं नाही. मीच उचलला. आईची एकच खूण जगात कागदावर होती आणि ती तिच्या नवऱ्याने, वर मेहनत घेऊन, नाहीशी केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. "उघडा."

"काय?"

"तुमचा पाटा. मी सांगतो तसे ठिपके काढा."

आमच्याकडे बायकाही 'सांगतो'च म्हणतात. मी उघडला. ती सांगू लागली. लहानपणी आईच्या मांडीवर झोपल्यावर ती ते ठिपके बोटाने दाबायची. खालच्या ओठाखालचा दाबला की आई डोळे मिटायची. उजवीकडचा दाबला की उघडायची. डावीकडचा दाबला की हसायची. "तो डावा जरासा घसरला होता. गोंदवून घेताना माय हालली होती म्हणे."

मी पहिला ठिपका उमटवला. "वर. नाही, इतका नाही. तुमच्या त्या बारीक पडद्याचं मले नोका सांगू, माह्या बोटाले आठवते." तिने पडद्यावर बोट ठेवलं, मी बोटाखाली ठिपका नेला. मध्येच मशीन तापलं, पंखा घोंघावू लागला, गरम हवा तिच्या हातावर येत होती, पण तिने हात हलवला नाही. तीन ठिपके जागेवर बसले, तरी ती मान हलवत राहिली. "नवी टिकली लावल्यावाणी दिसून राहिलं. तिचं फैलून गेलं होतं." मी कडा पुसट केल्या. रंग हिरव्याकडे नेला. आणखी पुसट. आयुष्यभर रेघ धारदार करण्याची मजुरी घेतली, ती पुसट करायला पहिल्यांदाच बसलो होतो, आणि ते जास्त अवघड निघालं.

शेवटी तिने डाव्या ठिपक्यावर बोट ठेवलं, हळूच दाबलं, आणि पदर नाकाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. बोटाचा ठसा पडद्यावर राहिला. मी तो पुसला नाही. पुसण्याच्या बाबतीत मी आता कुणालाही विचारल्याशिवाय हात चालवत नाही.

अक्षय तृतीयेला आम्ही कोंढ्याला गेलो. साळ्याने फोटो सागाच्या फ्रेममध्ये बसवला, दूर धरून पाहिला. त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. "माय दिसते अगदी," तो म्हणाला आणि घागर भरायला गेला. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. कोंढा मागे गेल्यावर एकदम म्हणाली, "आयका. माह्या फोटोची पाळी आली तं हे गालावरचं वांग, हा कपाळावरचा वण, काहीच पुसजा नोका. पोरीले ओळखू तं आली पायजे मी."