बुजलेल्या विहिरीचा नकाशा

रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या दोन खोल्यांच्या घरात हरिश्चंद्र तांब्यांचा एकवीस इंची मॉनिटर अर्धं टेबल अडवून बसला होता. पस्तीस किलोंचं ते धूड. मुंबईत ज्या कचेरीत त्यांनी वीस वर्षं नकाशे काढले ती बंद झाली, तेव्हा त्यांनी मालकाकडून आपला नकाशांचा कॉम्प्युटर मॉनिटरसकट मागून घेतला आणि एसटीत शेजारच्या सीटवर ठेवून रत्नागिरीला आणला. त्या पडद्यावर केसाएवढी रेघसुद्धा स्वच्छ उमटायची. पुढे चपटे पडदे आले. त्यांवर तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते, असं ते म्हणत. ऐकणारं कोणी नव्हतं. कामं मिळेनाशी झाली आणि यंत्र सहा वर्षं बंद पडून राहिलं.

यंदा मे महिन्यात लांज्याजवळच्या त्यांच्या वाडीतून चुलतभाऊ भागोजीचा फोन आला.

"दादा, रस्त्याच्या भरावात आपली पाण्याची बाव बुजली ना, ती उकरायची हाय. पण जागा कोणालाच नक्की सांगता येत नाय. तू मागं वाडी मोजली होतीस."

मोजली होती. नळपाणी योजनेसाठी, अठ्ठ्याण्णव साली. योजना झालीच नाही. कागद वाळवीनं खाल्ला, आणि नकाशाची फाइल या यंत्राशिवाय दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हती.

त्यांनी धूळ पुसली. बायको, मथुराबाई, दारात उभ्या होत्या.

"अहो, धूर निघाला तर?"

"निघू दे. तू वही घेऊन बस."

बटण दाबल्यावर बराच वेळ नुसती राखाडी चमक होती. मग रेघा वर आल्या. चित्र कडेला थरथरत होतं, तरी वाडीतल्या बुद्धविहाराची पायरी दिसली, फणस दिसला, आणि त्यांच्या तरुण हातानं काढलेलं विहिरीचं बारीक वर्तुळ.

"लिही. पायरीपासून एकतीस मीटर. फणसापासून साडेअठरा."

"साडेअठरा," मथुराबाई म्हणाल्या. तेवढ्यात चट् असा आवाज होऊन चित्र आक्रसलं आणि विझलं. हरिश्चंद्रांनी पुन्हा बटण दाबलं नाही. काच गार होईपर्यंत तळहात तिच्यावर ठेवून ते बसून राहिले. मथुराबाईंनी चहा केला तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी वाडीत दोन टेप ताणल्या. त्या जिथे भेटल्या तिथे कुदळ पडली. पुरुषभर खणल्यावर जांभ्याचं बांधकाम लागलं. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या हौसाआजींचे सासरे ती विहीर खणताना दरड कोसळून गेले होते. आजींना हात धरून खड्ड्याशी आणलं. त्या वाकल्या आणि चिऱ्यावरची माती पदरानं पुसली. कुदळी थांबल्या होत्या.

थोड्या वेळानं भागोजीनं विचारलं, "दादा, एवढं बारीक तुझ्या ध्यानात कसं रे राहिलं?"

"माझ्या नव्हतं राहिलं," हरिश्चंद्र म्हणाले. त्यांना काल विझलेल्या पडद्याबद्दल सांगायचं होतं. ते खाली वाकून टेप गुंडाळू लागले.